रंगमंच व पडद्यावरील अभिनयाची विद्यापीठीय पदवी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभिनयाच्या पदवीसाठी अर्ज करण्यापूर्वी विद्यार्थी आणि त्यांचे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना कोणत्याही एका विद्यापीठाची नियमावली समोर ठेवलेली नाही. अर्जाच्या तारखा, शुल्क आणि पात्रतेच्या अटी ज्या त्या संस्थेकडूनच तपासून घ्याव्यात. जगभरच्या अशा अभ्यासक्रमांत जे बहुतांशी सारखे असते, त्याविषयीच येथे लिहिले आहे.

अभिनय शिकवता येतो का? की तो उपजतच असावा लागतो?

हा प्रश्न सर्वांत आधी येतो आणि त्याच्या पोटात बहुधा दुसराच प्रश्न असतो : ज्याच्या अंगात अभिनय आहे त्याने शिकावे कशाला, आणि ज्याच्या अंगात नाही त्याला शिकून उपयोग काय? अभिनयातला न शिकवता येणारा भाग माझ्या मते फार थोडा आहे, आणि शिकवता येणारा भाग एवढा मोठा आहे की पदवीची तीन-चार वर्षे त्याला अपुरीच पडतात. समोरच्या नटाचे बोलणे खरोखर ऐकणे, आपले वाक्य तोंडपाठ असूनही ते आत्ता सुचल्यासारखे बोलणे, लांब वाक्याच्या मध्यात श्वास तुटू न देणे, मान आणि खांदे न आवळता किंचाळणे, अंधारात ठरलेल्या जागी अचूक जाऊन उभे राहणे आणि तोच नाट्यप्रवेश चाळिसाव्या वेळी पहिल्याइतक्याच सचोटीने करणे, या सगळ्या सरावाने येणाऱ्या गोष्टी आहेत.

उपजत गुण असलेला नट एखाद्या संध्याकाळी पाहणाऱ्यांना थक्क करून सोडतो. दुसऱ्या संध्याकाळी तेच का साधले नाही, हे मात्र त्याला सांगता येत नाही. शिक्षण असते ते या दुसऱ्या संध्याकाळसाठी, म्हणजे अंगातला गुण हवा तेव्हा, हवा तितका आणि आजारी, थकलेले किंवा उदास असतानाही हाताशी यावा यासाठी. पुढच्या बहुतेक उत्तरांत हाच मुद्दा वेगवेगळ्या रूपांत येईल, कारण या पदवीचा गाभा मला त्यातच दिसतो.

पदवी, पदविका आणि व्यावसायिक नाट्यशाळा यांत नेमका फरक काय?

या परंपरांचे उगम वेगळे आहेत. लंडनमध्ये हर्बर्ट बीअरबोम ट्री यांनी १९०४ मध्ये जी अकादमी काढली, जी आज राडा या नावाने ओळखली जाते, ती व्यवसायासाठी नट तयार करण्याकरिता काढली. ब्रिटनमधला पहिला विद्यापीठीय नाट्यविभाग ब्रिस्टल येथे १९४७ मध्ये सुरू झाला आणि तेथे नाटक हा आधी अभ्यासाचा व चिंतनाचा विषय होता. अमेरिकेत ही दोन टोके लवकर जुळली होती. पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रशिक्षण संस्थेने १९१४ मध्येच नाट्यकलेची पदवी देणारा विभाग उघडला. चित्रपटाचे शिक्षण देणारी जगातली पहिली संस्था १९१९ मध्ये मॉस्को येथे निघाली. रंगमंच आणि पडदा हे दोन्ही एकाच पदवीत शिकवण्याची पद्धत मात्र त्या मानाने बरीच अलीकडची आहे.

आजही या दोन परंपरांचा ठसा अभ्यासक्रमाच्या नावात दिसतो. बॅचलर ऑफ आर्ट्स या पदवीत इतिहास, सिद्धांत, लेखन आणि इतर विषय यांना मोठी जागा असते, तर बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स या पदवीत वेळेचा मोठा हिस्सा प्रत्यक्ष कार्यशाळा आणि तालमी घेतात. नाट्यशाळेच्या पदविकेत प्रात्यक्षिक तितकेच कसून असते, परंतु पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे किंवा विद्यापीठात शिकवायचे असेल, तर पदवी नसल्याची अडचण येऊ शकते. नावावर मात्र फार विसंबू नये. आठवड्यातून किती तास प्रत्यक्ष अभिनय, आवाज आणि शरीर यांसाठी आहेत, एका गटात किती विद्यार्थी आहेत, कॅमेऱ्यासमोरचे काम कोणत्या वर्षी सुरू होते आणि शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः या क्षेत्रात काम करत आहेत, हे चार प्रश्न विचारले की माहितीपुस्तिकेतल्या छायाचित्रांपेक्षा अधिक कळते.

आठवड्याला किती काम असते?

अपेक्षेपेक्षा बरेच जास्त. युरोपातील श्रेयांक पद्धतीत पूर्णवेळ शिक्षणाचे एक वर्ष ६० श्रेयांकांचे असते आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरले जाते, म्हणजे वर्षाला १,५०० ते १,८०० तास होतात. इतर शाखांत या तासांचा मोठा भाग ग्रंथालयात किंवा घरी जातो. अभिनयाच्या पदवीत तो बहुतांशी वर्गात, इतरांसोबत आणि उभ्यानेच जातो. प्रयोग जवळ आला की तालमी संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशीही चालतात. सोबत अर्धवेळ नोकरी करण्याचा विचार असेल, तर तालमींचे वेळापत्रक आधी मागून पाहावे.

निवडीची ऑडिशन कशी असते?

बहुतेक ठिकाणी एकमेकांपासून भिन्न असलेली दोन स्वगते मागतात. एक जुन्या, शक्यतो पद्य किंवा अलंकृत भाषेतल्या नाटकातले आणि दुसरे समकालीन. प्रत्येकाची मर्यादा साधारण दीड ते दोन मिनिटांची असते. हल्ली पहिली फेरी बहुधा घरी चित्रित केलेल्या सेल्फटेपवर होते; पुढच्या फेरीत प्रत्यक्ष बोलावतात, एकत्र कार्यशाळा घेतात आणि शेवटी थोडा वेळ बोलतात. गाणे किंवा हालचालींची चाचणीही काही ठिकाणी असते.

निवड करणारे पूर्णत्वाला पोहोचलेला नट शोधत नसतात, ही गोष्ट विद्यार्थ्यांना पटवून देणे फार कठीण जाते. तुम्ही स्वगत म्हणून झाल्यावर परीक्षक म्हणतात, “आता हेच कोणाला तरी समजावून सांगत असल्यासारखे म्हणा,” किंवा “खाली बसून, हळू आवाजात म्हणा.” खरी परीक्षा येथून सुरू होते. पहिल्या खेपेला उत्तम म्हणणारा विद्यार्थी दुसऱ्या खेपेलाही हुबेहूब तेच म्हणू लागला, तर तो स्वगत नव्हे, स्वगताची नक्कल पाठ करून आला आहे हे दिसते. पहिली खेप अडखळत गेली, पण सूचना मिळताच ज्याचे डोळे, श्वास आणि गती खरोखर बदलली, तो शिकू शकेल असा विश्वास वाटतो. म्हणून तयारी करताना एकच सुरावट घोटून पक्की करू नये. तेच शब्द रागाने, लपवाछपवीने, विनवणीने, अगदी कामात गुंतलेले असतानाही म्हणून पाहावेत, म्हणजे शब्द पक्के राहतात आणि बाकी सारे मोकळे राहते.

स्वगत कोणते निवडावे?

स्वतःच्या वयाच्या आसपासच्या पात्राचे, आणि असे की त्यात पात्राला कोणाकडून तरी काहीतरी हवे आहे. केवळ आठवणी सांगणारी किंवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत रडणारी स्वगते टाळावीत, कारण त्यांत नटाला जाण्यासारखी वाट उरत नाही. संपूर्ण नाटक वाचल्याशिवाय त्यातले स्वगत घेऊन जाऊ नये. त्या क्षणाच्या आधी काय घडले, हा प्रश्न हमखास येतो. एखाद्या गाजलेल्या चित्रपटातला भाग निवडला, तर परीक्षकांच्या कानांत मूळ नटाचा आवाज घुमत राहतो आणि तुमचा ऐकू येत नाही.

रोजचा दिवस कसा असतो?

सकाळ बहुधा शरीराची असते. जमिनीवर झोपून श्वासाचे निरीक्षण, ताण कुठे साठतो याचा शोध, चाल, उडी, तोल, नृत्य आणि पुढे मंचावरच्या मारामारीचे सुरक्षित तंत्र, असा हा क्रम असतो. रुडॉल्फ लाबान यांनी हालचालींचे वजन, काळ, अवकाश आणि प्रवाह अशा घटकांत विश्लेषण केले आणि त्यातून दाबणे, झटकणे, तरंगणे यांसारख्या आठ मूळ क्रिया मांडल्या. त्या आजही वर्गावर्गांत करून घेतल्या जातात, कारण एखादे पात्र दाबत जगते की झटकत जगते, हे एकदा सापडले की त्याची चाल, बोलणे आणि पेला उचलण्याची रीतही सापडते. जाक लकॉक यांनी १९५६ मध्ये पॅरिसमध्ये शाळा काढली आणि तेथे तटस्थ मुखवट्याचा सराव रूढ केला. चेहरा झाकला की लपायला जागा उरत नाही आणि पाठीचा कणा काय बोलतो आहे ते सगळ्यांना दिसू लागते. संकोची विद्यार्थी या वर्गाला सर्वाधिक घाबरतात, आणि वर्षअखेरीस सर्वाधिक आठवणही याच वर्गाची काढतात.

त्यानंतर आवाज, मग संहितेचे वाचन किंवा अभिनयाचा वर्ग, आणि दुपारनंतर तालीम. आठवड्यातून काही तास नाट्येतिहास आणि सिद्धांतासाठी असतात. प्रयोगाच्या काळात प्रकाशयोजना, नेपथ्य आणि वेशभूषा यांच्या कामातही हात लावावा लागतो, आणि तो लावावाच, कारण दिवे टांगणाऱ्याचे कष्ट ज्याने पाहिले आहेत, तो नट प्रकाशाच्या बाहेर उभा राहत नाही.

मायक्रोफोन सगळीकडे असताना आवाजाचे इतके प्रशिक्षण कशासाठी?

मायक्रोफोन आवाज मोठा करतो. त्यातला ताण, धाप आणि गिळलेली शब्दांची शेवटची अक्षरे यांनाही तो तितकेच मोठे करतो. आवाजाचा वर्ग म्हणजे मोठ्याने बोलण्याची शिकवणी, अशी समजूत असते. प्रत्यक्षात तेथे पहिले काही आठवडे बोलणे फारच थोडे असते आणि श्वास कुठे अडतो हे शोधणेच अधिक असते. एफ. एम. अलेक्झांडर हे टास्मानियात जन्मलेले काव्यवाचक होते. मंचावर त्यांचा आवाज बसू लागला आणि उपचारांनी गुण येईना, तेव्हा त्यांनी आरशांसमोर स्वतःचे दीर्घ निरीक्षण केले आणि बोलायला सुरुवात करण्याच्या क्षणी आपण डोके मागे ओढून मान आवळतो, हे शोधून काढले. त्या निरीक्षणातून निघालेले तंत्र आज अनेक नाट्यशाळांत शिकवले जाते. बिघाड गळ्यात ऐकू येत होता आणि कारण सवयीत दडले होते. आवाजाच्या बहुतेक अडचणी अशाच असतात.

माझ्या बोलण्यात बोलीचा ठसा आहे. तो पुसावा लागेल का?

पुसायचा नसतो. त्याच्या शेजारी आणखी एक-दोन उच्चारपद्धती शिकायच्या असतात. त्यासाठी ध्वनिशास्त्राची तोंडओळख करून देतात. १८८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरून ऐकलेला उच्चार कागदावर नेमका उतरवायला शिकवतात. ज्याला स्वतःची बोली कानाने ओळखता येते, त्याला दुसऱ्याची बोली लवकर येते. बोलीची लाज बाळगणाऱ्या विद्यार्थ्याचा आवाज आक्रसलेला असतो आणि ती लाज जाईपर्यंत उच्चारांवर काम सुरूच करता येत नाही, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

कोणती अभिनयपद्धत शिकवतात? स्तानिस्लावस्की की मेथड अॅक्टिंग?

या प्रश्नातच एक गोंधळ आहे आणि तो सोडवण्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. कॉन्स्तान्तिन स्तानिस्लावस्की यांनी व्लादिमीर नेमिरोविच-दान्चेन्को यांच्यासह १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर स्थापन केले आणि नटाला सत्याने वागण्याची वाट हमखास कशी सापडेल, याचा शोध १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालू ठेवला. या दीर्घ काळात त्यांचे मत बदलत गेले. सुरुवातीला त्यांनी नटाच्या स्वतःच्या भावनिक स्मृतीवर, म्हणजे स्वतःचे जुने अनुभव आठवून भावना जागवण्यावर, बराच भर दिला. पुढे त्यांना जाणवले की भावना थेट बोलावली की ती येत नाही, पण दिलेल्या परिस्थितीत पात्राला काय हवे आहे ते ओळखून नेमकी शारीरिक कृती केली की भावना तिच्यामागून येते.

त्यांच्या नाट्यसंस्थेने १९२३-२४ मध्ये अमेरिकेचा दौरा केला आणि तेथील तरुण रंगकर्मी भारावून गेले. १९३१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ग्रुप थिएटर स्थापन झाले. त्यात ली स्ट्रासबर्ग यांनी भावनिक स्मृतीचे तंत्र पुढे नेले, आणि तेच पुढे मेथड या नावाने ओळखले गेले. स्टेला अॅडलर यांना मात्र त्या पद्धतीने काम करणे असह्य झाले होते. १९३४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी प्रत्यक्ष स्तानिस्लावस्कींबरोबर काही आठवडे काम केले आणि परत येऊन सांगितले की भर परिस्थिती, कल्पनाशक्ती आणि कृती यांवर हवा. त्याच गटातले सॅनफर्ड माइस्नर तिसऱ्या वाटेने गेले. त्यांच्या प्रसिद्ध सरावात दोन नट समोरासमोर बसतात आणि एकमेकांविषयी दिसलेले एकच साधे वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारतात. शब्द तेच राहतात, पण समोरच्या माणसाचा परिणाम होऊन ते वाक्य आपोआप बदलू लागते. एका माणसाच्या शोधाचे हे तीन वारस, आणि तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे.

याखेरीज रशियन दिग्दर्शक मेयरहोल्ड यांची शरीरापासून आरंभ करणारी बायोमेकॅनिक्स, प्रेक्षकाने वाहून न जाता विचार करावा म्हणून नटाला पात्रापासून हातभर दूर उभे करणारे जर्मन नाटककार ब्रेख्त, आणि नटाकडून जवळजवळ तपश्चर्येची मागणी करणारे पोलिश दिग्दर्शक ग्रोटोव्स्की यांचीही ओळख होते. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार केले. ही विभागणी मला आजच्या अभ्यासक्रमाकडे पाहतानाही उपयोगी वाटते, कारण शरीराचा वर्ग, आवाजाचा वर्ग, वेश व रंगभूषेचा वर्ग आणि आतल्या भावावस्थेचे काम या चार खोल्या आजही त्याच आहेत.

चांगला अभ्यासक्रम एकाच पद्धतीची दीक्षा देत नाही. तो निदान दोन-तीन पद्धतींतून विद्यार्थ्याला मनापासून नेतो आणि शेवटच्या वर्षी विचारतो की अडकल्यावर तुझा हात कशाकडे जातो. एकच गुरू, एकच पद्धत आणि बाकी सारे खोटे, असे सांगितले जात असेल तर तेथे सावध राहावे.

रंगमंचावरचा अभिनय मोठा आणि कॅमेऱ्यासमोरचा लहान, हे खरे का?

अर्धे खरे. प्रेक्षक किती दूर आहे यावर अभिनयाचे माप ठरते, ही जाण फार जुनी आहे. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात माणसांसाठीचे नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असावे असे सांगितले आहे आणि त्याचे कारणही दिले आहे : नाट्यगृह याहून मोठे झाले, तर नटाचे बोलणे अस्पष्ट होते आणि चेहऱ्यावरचे भाव दिसेनासे होतात. क्लोजअपमध्ये हे अंतर वीतभर उरते. भुवईची जी हालचाल शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतही नाही, ती पडद्यावर वाऱ्याने दार आपटावे तशी जाणवते.

पण यावरून विद्यार्थी असा निष्कर्ष काढतात की कॅमेऱ्यासमोर काहीच करायचे नाही, आणि तेथेच फसतात. बाहेरचे कमी करायचे म्हणजे आतले कमी करायचे नव्हे. लेव कुलेशोव यांनी रशियात १९२० च्या सुमारास केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे : एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सुपाची वाटी, शवपेटी आणि एक स्त्री यांच्या चित्रांशी जोडला, तेव्हा पाहणाऱ्यांना त्यात भूक, शोक आणि अभिलाषा दिसली. जोडणीचे सामर्थ्य यातून कळते. नट अनावश्यक आहे, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. दोन-तीन सेकंदांच्या तुकड्यात कोरा चेहरा चालून जातो. मिनिटभर कॅमेरा न हलता चेहऱ्यावर राहिला आणि आत विचार चालू नसेल, तर ते लगेच उघडे पडते.

खरा फरक मला मापापेक्षा कामाच्या क्रमात दिसतो. रंगमंचावर नट पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत सलग प्रवास करतो, आणि एका क्षणाची ऊब पुढच्या क्षणाला मिळते. चित्रीकरणात शेवटचा निरोप पहिल्या दिवशी आणि पहिली भेट महिन्यानंतर घेतली जाऊ शकते. मधल्या काळात दिवे बदलतात, तासभर थांबावे लागते, मग अचानक ‘अॅक्शन’ म्हटले जाते. पात्र त्या क्षणापर्यंत कुठून आले, काय सोसून आले, याचा आलेख नटाला स्वतःजवळ लिहून ठेवावा लागतो. शिवाय मास्टर शॉटमध्ये, म्हणजे संपूर्ण प्रसंग दुरून टिपणाऱ्या चित्रणात, कोणत्या शब्दावर पेला उचलला ते क्लोजअपच्या सहाव्या टेकलाही लक्षात ठेवावे लागते, नाहीतर संकलकाला ते दोन तुकडे जोडताच येत नाहीत. जमिनीवरच्या मार्कवर न पाहता थांबणे, समोर सहकलाकार नसताना काठीला लावलेल्या खुणेशी मनापासून बोलणे, हेही शिकावे लागते. रंगमंचाची शिस्त सलग प्रवासाची आणि पडद्याची शिस्त तुटक क्षणांची. दोन्ही शिकलेल्या विद्यार्थ्याला तुटक क्षणातही सलग प्रवास दिसू लागतो, आणि हा दोन्ही एकत्र शिकण्याचा सर्वांत मोठा लाभ आहे.

अभिनयाला गुण कसे देतात?

अवघड प्रश्न आहे, आणि त्याचे निर्दोष उत्तर कोणत्याच विद्यापीठाजवळ नाही. बहुतेक ठिकाणी अंतिम प्रयोगाबरोबर प्रक्रियेलाही गुण असतात : वेळेवर येणे, पाठांतराची तारीख पाळणे, दिग्दर्शकाच्या सूचनेचे पुढच्या तालमीत काय केले, सहकलाकारासाठी किती उपलब्ध राहिला. विद्यार्थ्याला कामाची नोंदवही ठेवावी लागते आणि कामाविषयी लेखी चिंतनही सादर करावे लागते. भूमिका छोटी मिळाली म्हणून गुण कमी, असे नसते. एकाहून अधिक परीक्षक आणि आधी जाहीर केलेले निकष, एवढे तरी असावेच.

नटाला इतिहास आणि सिद्धांत कशाला हवा?

ग्रीक नट मुखवटे घालून उघड्यावर हजारोंच्या समुदायापुढे उभा राहत होता, हे माहीत नसलेला विद्यार्थी त्या शोकांतिकेतले लांब भाषण स्वयंपाकघरातल्या गप्पांसारखे पुटपुटतो आणि मग म्हणतो की ही भाषा कृत्रिम आहे. इतिहास नटाला संहिता वाचायला शिकवतो. निबंध लिहिण्याचा कंटाळा मी समजू शकते. परंतु एखादा नाट्यप्रवेश का चालत नाही, हे शब्दांत मांडता येऊ लागले की तालमीतले भांडण संपते आणि काम सुरू होते.

जवळिकीचे किंवा हिंसेचे प्रसंग करायला भाग पाडतात का?

भाग पाडता कामा नये. मारामारीची नृत्यासारखी आखणी करतात आणि ती प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली, आधी अगदी संथ गतीने बसवतात. जवळिकीच्या प्रसंगांनाही आता हीच शिस्त लागू होत आहे. त्यासाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर हे स्वतंत्र काम मागच्या दशकाच्या अखेरीस रूढ झाले आणि अमेरिकेतील अभिनेत्यांच्या सॅग-आफ्ट्रा या संघटनेने जानेवारी २०२० मध्ये त्यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यामागची तत्त्वे साधी आहेत : काय होणार ते आधी सांगावे, स्पष्ट संमती घ्यावी, ती कधीही मागे घेता यावी, ठरलेल्या हालचालीत ऐन वेळी बदल करू नये आणि खोलीत अनावश्यक माणसे नसावीत.

अर्ज करण्यापूर्वी विद्यापीठाचे यासंबंधीचे लेखी धोरण मागावे. पूर्वी विद्यार्थ्याला मोडल्याशिवाय नट घडत नाही, असे मानणारे शिक्षक पुष्कळ होते. माझ्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत एका वर्गात मला रडेपर्यंत अपमानित केले गेले आणि त्या दिवशी माझा अभिनय चांगला झाला, असे सगळ्यांनी म्हटले. तो अभिनय नव्हता. मी रडत होते, एवढेच. दुसऱ्या दिवशी तो प्रवेश मला करता आला नाही. भीतीतून आलेले काही पुन्हा करता येत नाही, आणि जे पुन्हा करता येत नाही ते शिकवले गेले असे म्हणता येत नाही.

भूमिकेतल्या दुःखाचा मनावर परिणाम होतो का?

होऊ शकतो, आणि तो नाकारू नये. नटाने खरोखर भोगावे का, हा वाद जुना आहे. फ्रेंच विचारवंत दिदरो यांनी अठराव्या शतकातच असे प्रतिपादन केले होते की थोर नट स्वतः शांत राहून प्रेक्षकाला हलवतो. मला ही भूमिका टोकाची वाटते, पण त्यात एक उपयोगी सूचना आहे : नटाचा एक डोळा नेहमी उघडा असला पाहिजे. सहकलाकाराला लागणार नाही, दिवा कुठे आहे, पुढचे वाक्य काय, हे सर्व त्या डोळ्याला दिसते. तालीम संपल्यावर भूमिकेतून बाहेर येण्याचे छोटे विधी आता अनेक ठिकाणी शिकवले जातात : वेश बदलणे, शरीर झटकणे, सहकलाकाराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणे. ते टाळू नयेत. ताजे, न भरलेले दुःख भूमिकेसाठी वापरू नये, आणि झोप किंवा जेवण बिघडू लागल्यास शिक्षकांना आणि समुपदेशकांना लगेच सांगावे.

मी लाजाळू आहे, किंवा माझे रूप नायक-नायिकेचे नाही. अर्ज करू का?

करा. लाजाळू माणसे बारकाईने पाहतात आणि ऐकतात, आणि अभिनयाचा निम्मा भाग तोच आहे. रूपाविषयी इतकेच की संहितांत आया, कारकून, वकील, पहारेकरी आणि आजोबा यांची संख्या नायकांपेक्षा नेहमीच जास्त असते.

वय जास्त असेल तर?

अडचण नाही. तिशीनंतर येणारे विद्यार्थी वर्गाला फार मोलाचे असतात. त्यांना पदव्युत्तर अभ्यासक्रमाचाही विचार करता येईल.

पदवीनंतर काम मिळेल का?

हमी कोणीही देऊ शकत नाही आणि जो देतो त्याच्याकडे जाऊ नये. हे क्षेत्र तुटक कामांचे आहे : एक नाटक, मग काही रिकामे आठवडे, एक जाहिरात, आवाजाचे काम, पुन्हा प्रतीक्षा. अनेक उत्तम नट शिकवणे, लेखन, डबिंग किंवा दिग्दर्शन यांच्या आधारे अभिनय करत राहतात, आणि त्यात कमीपणा नाही. पदवीतल्या शेवटच्या वर्षात एजंट आणि कास्टिंग डिरेक्टर यांच्यापुढे छोटे सादरीकरण, छायाचित्रे, शोरील (म्हणजे स्वतःच्या कामाच्या निवडक दृश्यांची छोटी चित्रफीत), सेल्फटेपचे तंत्र, करार वाचणे आणि मानधनाविषयी बोलणे यांचा अभ्यास असायला हवा. करार वाचण्याचा वर्ग नीरस वाटतो, पण माझ्या मते तो चुकवू नये असा एकमेव वर्ग आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे शिक्षण निरर्थक होईल का?

बदल नक्कीच होतील, विशेषतः डबिंग, जाहिराती आणि गर्दीतल्या कामांत. २०२३ मध्ये सॅग-आफ्ट्राने ११८ दिवस संप केला, तेव्हा नटाच्या चेहऱ्याची व शरीराची डिजिटल प्रतिकृती हा एक प्रमुख मुद्दा होता. अखेरच्या करारात अशा प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला यांच्या तरतुदी आल्या. करार वाचण्याविषयी वर जे म्हटले, त्याचे हेही एक कारण आहे. प्रतिकृती कोणत्या कामासाठी, किती काळासाठी आणि कोणाच्या मालकीची, हे सही करण्यापूर्वी विचारता आले पाहिजे.

शिकत असताना बाहेरचे काम आले तर घ्यावे का?

अनेक विद्यापीठे सत्र चालू असताना बाहेरच्या कामाला परवानगी देत नाहीत, किंवा आधी विचारायला लावतात. नियम जाचक वाटतो, पण एक नट गेला की पाच जणांची तालीम थांबते. पहिल्या वर्षी घेऊच नये असे मी सुचवेन. सवयी नुकत्याच सुटू लागलेल्या असतात आणि घाईच्या कामात त्या परत येतात.

निवड झाली नाही तर?

पुन्हा अर्ज करावा. जागा थोड्या असतात, आणि गट जुळवताना आवाज, वय व स्वभाव यांचा समतोल पाहिला जातो, त्यामुळे नकाराचे कारण प्रत्येक वेळी तुमच्यातच असते असे नाही. मधल्या वर्षात हौशी नाट्यसंस्थेत कोणतेही काम घ्यावे, अगदी पडदा ओढण्याचेही, आणि महिन्याला निदान दोन नाटके मोठ्याने वाचावीत.

पहिल्या दिवशी काय घेऊन यावे?

सैल, गडद रंगाचे आणि काहीही लिहिलेले नसलेले कपडे, कारण छातीवरची अक्षरे पाहणाऱ्याचे लक्ष वेधतात. अनवाणी काम करावे लागेल. दागिने घरी ठेवावेत, केस बांधून यावे, पाणी सोबत असावे. एक जाड वही, आणि पेनाऐवजी शिसपेन्सिल व खोडरबर. मंचावर कुठून यायचे, कुठे थांबायचे, कोणत्या शब्दावर वळायचे, हे संहितेच्या समासात लिहायचे असते, आणि ते पहिल्या प्रयोगापर्यंत कितीतरी वेळा खोडावे लागते.